सुट्टीत राहायला आलेल्या पाहुण्यांसाठी पण काहीतरी छापा की

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की पेपरांच्या पुरवण्यांमध्ये सुट्टीचे लेख सुरू होतात, शिबिरं कशी निवडायची, मुलांना गुंतवून कसं ठेवायचं, मोबाईल कसा सोडवायचा वगैरे. वाईट नसतात ते लेख, मी वाचते सगळे, पण ते वाचून असं वाटतं की सुट्टी फक्त सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलांनाच असते. त्याच्या आतल्यांचं काय? त्यांना सुट्टी वगैरे काही कळत नाही, त्यांच्या लेखी उन्हाळा म्हणजे घर एकदम माणसांनी भरतं, रोजचं सगळं इकडचं तिकडे होतं, उकडतंय, झोप नीट होत नाहीये आणि येणाऱ्या प्रत्येकाला आपला पापा हवाय. मी बालवाडीत शिकवायचे, आता रिटायर झालेय आणि आजी आहे, म्हणजे सध्या पाहुण्यांच्या पार्टीतली. आणि मला जे बोलायचंय ते पाहुण्यांशीच बोलायचंय, आईबापांना सल्ले देणारे पुष्कळ आहेत.

माझं म्हणणं एवढंच की लहान मूल असलेल्या घरी राहायला गेलं की तिथलं घड्याळ त्या मुलाचं असतं, ते आपण पाळायचं. आपण आलोय म्हणून त्याने आपल्या घड्याळावर चालायचं नाही.

पहिली मारामारी होते ती दुपारच्या झोपेवरून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या त्यात झोपेचे आकडे आहेत, एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्याला १० ते १३ तास, दुपारची झोप धरून. आता पाहुणे आले की काय होतं, सकाळी गप्पांत नाश्ता उशिरा, मग जेवण उशिरा, मग झोपायच्या वेळेला कोणीतरी म्हणतं अगं राहू दे ना, खेळतोय किती छान, झोप आलीच नाहीये त्याला. इथेच गफलत आहे. फार दमलेलं मूल मोठ्या माणसासारखं गळून पडत नाही, ते उलट जास्त उड्या मारायला लागतं, कारण झोपेची वेळ टळली की शरीर त्याला जागं ठेवणारी हार्मोन्स सोडतं, आणि मग संध्याकाळी सहाला जे भोकाड पसरतं त्याला आपण म्हणतो हट्टी झालाय, लाडावलाय, आईने डोक्यावर बसवलंय. हट्टी बिट्टी काही नाही, झोप मोडलीय त्याची! तीन ते पाच या वयात दुपारची झोप हळूहळू सुटते हे खरं, ज्याची सुटलीय त्याला मारून मुटकून झोपवू नका, पण तेवढा वेळ घर शांत ठेवा, त्याला एका कोपऱ्यात पुस्तकं चाळू दे.

रात्रीचं अजून वेगळंच. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, उन्हाळ्यात खोलीच तापलेली असते म्हणून ते उतरायला वेळ लागतो, त्यात अंधार उशिरा पडतो आणि पाहुण्यांमुळे घरातले सगळे दिवे उशिरापर्यंत लख्ख चालू. लहान मुलांच्या डोळ्यांची भिंगं आपल्यापेक्षा जास्त स्वच्छ असतात, बाहुल्याही मोठ्या, त्यामुळे उजेड आत जास्त शिरतो आणि झोप आणणारं मेलाटोनिन मागे पडतं. म्हणून झोपायच्या तासभर आधी दिवे कमी करा, कोमट पाण्याने अंघोळ घाला आणि गप्पांची बैठक दुसऱ्या खोलीत हलवा. गप्पा आपल्याला मारायच्यात, मग उठून जायचं पण आपणच. हे एवढं सोपं आहे पण घरची सून किंवा जावई तोंडाने म्हणू शकत नाही की जरा उठता का तुम्ही, ते पाहुण्यालाच कळायला पाहिजे.

आता त्या पाप्याच्या विषयावर येते. साधारण सहा-आठ महिन्यांपासून बाळाला ओळखीचं कोण आणि परकं कोण हे नीट कळायला लागतं आणि ते परक्याकडे बघून रडतं, पुढे वर्ष-दीड वर्ष हे कमीजास्त चालतं. हे रडणं वाढीचं लक्षण आहे, डोकं चाललंय त्याचं. पण आजी-आजोबांना, मामाला, आत्याला ते इतकं लागतं की विचारू नका. रोज व्हिडिओ कॉलवर बोलतो, हसतो, हात हलवतो आणि समोर आले तर मला बघून रडला! अहो, पण फोनवरची आजी वीतभर उंचीची असते, तिला वास नसतो, ती उचलून घ्यायला हात पुढे करत नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यावर बघितलेलं आणि समोर खरं असलेलं हे जोडायला वेळ लागतो, अभ्यास करणाऱ्यांना हे बऱ्याच वर्षांपासून माहितीये. याचा अर्थ व्हिडिओ कॉल करू नका असा नाही हं, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली दीड वर्षाखालच्या मुलांना स्क्रीन नको म्हटलं तेव्हाही नातेवाईकांशी व्हिडिओवर बोलणं त्यातून वगळलं होतं. कॉल करा, फक्त दारात पाऊल टाकल्या टाकल्या त्याचं फळ मागू नका.

मग करायचं काय, तर काहीच नाही. खरंच. आत यायचं, घरातल्या मोठ्यांशी बोलायचं, जमिनीवर बसता येत असेल तर जमिनीवर बसायचं, नाहीतर खुर्ची खाली त्याच्या जवळपास घ्यायची, आणि बाळाकडे टक लावून बघायचं नाही. हाताशी काहीतरी काम घ्यायचं, कपड्यांच्या घड्या घाला, कागदाची होडी करा. मेरी एन्सवर्थ म्हणून मानसशास्त्रज्ञ होत्या, त्यांनी वर्ष-दीड वर्षाची मुलं आईसोबत आणि अनोळखी बाईसोबत खोलीत कशी वागतात ते बारकाईने बघितलं, तेव्हा दिसलं की आई जवळ असली की तिच्या भरवशावर मूल लांब जाऊन बघून येतं, परत आईला शिवतं, परत जातं. बालवाडीच्या पहिल्या आठवड्यात हेच रोज बघायला मिळतं. तुमच्यापर्यंत पण ते असंच हप्त्याहप्त्याने येणार, आधी तुमच्या होडीपर्यंत, मग चपलेपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. त्याला आईच्या कडेवरून ओढून घेतलं की तो सगळा प्रवास रद्द आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू.

आणि थोड्या मोठ्या मुलांना, म्हणजे तीन-चार वर्षांच्या, लगेच उभं करून गाणं म्हण, आकडे म्हण, इंग्लिशमधून सांग, हे पण थांबवूया का? मी वर्गात पंचवीस-तीस मुलं सांभाळली आहेत आणि सांगते, वर्गात तोंड न उघडणारं मूल घरी अखंड बडबडतं आणि घरी बडबडणारं चार लोकांसमोर गप्प होतं, त्यावरून काही ठरत नाही. पापा द्यायचा नसेल तर नाही द्यायचा, टाळी दे, लांबून हात हलव, काहीही चालेल, त्याला काय हवं ते विचारा. हल्ली कोणी असं म्हटलं की आमच्या वयाची माणसं म्हणतात ही नवीन फॅडं आहेत. पण आपणच मुलांना शिकवतो ना की कोणी नको तसा हात लावला तर नाही म्हण, मग घरातल्या माणसाला नाही म्हटल्यावर आपण तोंड पाडून बसलो तर त्या पोराने समजायचं काय? शिवाय अगदी तान्हं बाळ असेल तर तोंडाचा पापा घ्यायचाच नाही, मोठ्यांच्या ओठावर बारीक फोड येतात त्यांचा व्हायरस तान्ह्याला फार जड जाऊ शकतो, आणि तुम्हाला सर्दी-खोकला असेल तर जायचंच पुढे ढकला. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सियस ताप आला तरी लगेच डॉक्टरांना दाखवावं लागतं, घरी वाट बघत बसायचं नसतं.

आता मला ज्याच्यावर सगळ्यात जास्त बोलायचंय ते. मदत. प्रत्येक पाहुणी येऊन म्हणते, दे बाळाला माझ्याकडे, तू तुझं काम आवर. ऐकायला किती छान वाटतं! पण याचा अर्थ काय झाला बघा, बाळाच्या आईने ओट्याजवळ उभं राहायचं आणि पाहुणीने बाळाशी खेळायचं. घरात माणसं वाढली म्हणजे भांडी वाढली, कपडे वाढले, अंथरुणं वाढली, पाण्याच्या बाटल्या भरायच्या वाढल्या, उकाड्यात स्वयंपाकघर भट्टी झालेलं असतं, आणि ज्या बाईची रात्री दोनदा झोपमोड झालीय तीच ते सगळं करणार, का तर पाहुण्यांना बाळ हवंय. आणि बाळाला हवी असते आई, म्हणून ते पाहुणीकडे रडतं, मग हात धुवून आई येते, पाच मिनिटं घेते, परत ओट्याकडे. दोन्ही कामं तिचीच झाली. खरी मदत करायची तर उलटी करा, तू बस बाळाला घेऊन, भांडी मी घासते. आणि हे विचारत बसू नका की काही करू का, कारण तिच्या तोंडून नाही नाही बसा हेच येणार, सरळ उठा आणि सिंककडे चला. पुरुषांनी पण. आजोबांना वाळत घातलेले कपडे काढता येतात, घड्या घालता येतात, पोरांची बाटली धुता येते, कमरेचं दुखणं असेल तर बसून भाजी निवडता येते. हे मी गमतीने नाही लिहीत. आजोबा पेपर वाचत बसलेत आणि समोर दीड वर्षाचं मूल त्यांच्या पेपरचे तुकडे करतंय आणि ते हाक मारतायत अगं जरा याला बघ, हे चित्र मी इतक्या घरांत बघितलंय की त्यांनी हे पत्र वाचावं एवढीच इच्छा आहे (पेपर फाटायच्या आत).

बाळाच्या बापाला या काळात सगळे विसरतात ते पण एक आहे. त्याची आई आली की तो एकदम मुलगा होतो, आयतं ताट समोर येतं, आणि एरवी जो पोराला अंघोळ घालायचा, झोपवायचा तो पाहुणे असेपर्यंत गायब. आजी म्हणते दमून येतो रे तो. आजीबाई, तो घालत होता अंघोळ तुम्ही यायच्या आधी, पोराला सवय आहे त्याच्या हातची, ती मोडू नका. रोजचं जे चाललंय ते पाहुणे असताना जितकं तसंच चालेल तितकं मूल शांत राहतं.

मुलं मुलं एकत्र आली की वेगळं महाभारत. दोन भावंडांची मुलं वर्षाने भेटणार, बरोबरीची आहेत, आता मस्त एकत्र खेळतील असं सगळ्यांना वाटतं आणि दहाव्या मिनिटाला चावाचावी. मिल्ड्रेड पार्टन या बाईंनी १९३२ साली मुलांच्या खेळाचं निरीक्षण छापलं, त्यात त्यांनी सांगितलं होतं की लहान वयात मुलं शेजारी शेजारी बसून आपापलं खेळतात, खरं मिळून मिसळून खेळणं त्याच्या बरंच नंतर येतं. दोन-अडीच वर्षांची दोन मुलं पाठीला पाठ लावून वेगवेगळे ठोकळे रचत असतील तर ती एकत्रच खेळतायत, त्यांना उगाच समोरासमोर बसवू नका. आणि शेअर कर शेअर कर हा जप नको. या वयात माझं म्हणजे काय हेच आत्ता कुठे कळायला लागलेलं असतं. पाहुणे यायच्या आधी घरच्या मुलाला विचारा, तुझी कुठली खेळणी कपाटात ठेवायची, कोणाला द्यायची नाहीत अशी? तो दोन-तीन निवडतो, ती वर ठेवून द्या, बाकीची मग तो बऱ्यापैकी देतो. वर्गात हे चालतं, घरी पण चालतं.

काही गोष्टी भराभर लिहिते कारण त्या वादाच्या नाहीतच. पाहुण्यांची हँडबॅग आणि त्यातली बीपी-शुगरची गोळ्यांची डबी जमिनीवर किंवा खाटेवर ठेवायची नाही, रांगणाऱ्या मुलाला त्या गोळ्या खाऊच वाटतात आणि मोठ्यांची एखादी गोळी सुद्धा त्याला महागात पडते. रिमोटच्या, श्रवणयंत्राच्या बटण सेलचं पण तेच. फक्त आईच्या दुधावर असलेल्या सहा महिन्यांखालच्या बाळाला कितीही उकडत असलं तरी वरचं पाणी लागत नाही, तहान तिथेच भागते, तेव्हा दोन चमचे पाज गं काही होत नाही हा आग्रह सोडा, आणि वर्षाच्या आत मधाचं बोट चाटवायचं नाही. गाडीत मुलाला बसवून एक मिनिटात आलो असं कोणी जायचं नाही, उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत साधारण ११ अंशांनी तापमान चढतं, काच थोडी खाली केली तरी फार फरक पडत नाही, आणि मुलाचं शरीर आपल्यापेक्षा बऱ्याच लवकर तापतं.

पाण्याचं मात्र थांबून लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख लोक बुडून गेले आणि त्यातली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं होती. बादलीतलं किंवा टबातलं चार बोटं पाणी पुरतं, आणि बुडणारं लहान मूल ओरडत नाही, हातपाय झाडून आवाज करत नाही, गप्पच होतं. गंमत म्हणजे, गंमत कसली, घरात आठ माणसं असली की धोका कमी होत नाही, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे. म्हणून पाण्यापाशी मुलं असतील तेव्हा एकाने तोंडाने बोलून जबाबदारी घ्यायची, आत्ता मी बघतोय, आणि उठताना दुसऱ्याला तोंडाने सांगून द्यायची, फोन खिशात.

निघायची वेळ आली की बऱ्याच घरांत मुलाला आतल्या खोलीत नेतात आणि पाहुणे मागच्या मागे सटकतात, रडायला नको म्हणून. रडतं ते नंतर, आणि जास्त रडतं, वर त्याला वाटायला लागतं की माणसं न सांगता नाहीशी होतात, मग आई बाथरूमला गेली तरी दारावर धडका. सांगून जा. आदल्या दिवशीच सांगा, उद्या सकाळी दूध पिऊन झालं की आजी गाडीत बसणार. एवढ्या लहान मुलांना तारीख-वार कळत नाही, पण झोपून उठलं की, जेवण झालं की, हे कळतं. रडू दे थोडं, जवळच्या माणसासाठी रडतंय. आणि नंतर दोन-चार दिवस चड्डीत शू होणं, आईला चिकटून राहणं, रात्री उठणं असलं काही झालं तर आजीने बिघडवून ठेवला असं म्हणू नका, घर परत आधीसारखं झालंय हे त्याला कळायला पण वेळ लागतो.

आता आपल्याला विनंती. पुढच्या सुट्टीच्या पुरवणीत अर्धं पान राहायला जाणाऱ्या पाहुण्यांसाठी ठेवा. एखाद्या बालरोगतज्ज्ञाला लिहायला सांगा, एखाद्या तान्ह्या बाळाच्या आईला सांगा आणि जमलं तर भांडी घासणाऱ्या एखाद्या आजोबांना शोधा. घरातल्या सुनेने हेच बोललं तर वाद होतो, पेपरात छापून आलं की तेच लोक कात्रण काढून ठेवतात, हा माझा अनुभव आहे. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, मोबाईलवर एका बोटाने टाइप करतेय त्यामुळे चुका पण असतील. जागेअभावी कापायचं झालं तर खेळण्यांचा परिच्छेद कापा, पण पाण्याचा आणि भांड्यांचा ठेवा.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका आणि आजी